‘टफ इनफ’चा आवाज घरच्या सेटअपवर: गिटार आणि हार्प (माउथ ऑर्गन) लागली, ड्रम बाकी

फॅब्युलस थंडरबर्ड्स हा टेक्ससमधल्या ऑस्टिनचा बँड, पण त्यांच्या १९८६ च्या ‘टफ इनफ’ अल्बमचा निर्माता होता कार्डिफचा डेव्ह एडमंड्स. स्ट्रे कॅट्सच्या पहिल्या अल्बममागेही हाच माणूस. बँडचा गिटारिस्ट जिमी वॉन आधीच मोजकं वाजवणारा, त्यात एडमंड्सचा कान. त्यामुळे या रेकॉर्डमधली रॉकाबिली (कंट्री आणि ब्लूजच्या मिश्रणातलं सुरुवातीचं रॉक अँड रोल) गिटारच्या ठरलेल्या छोट्या सुरावटींमध्ये शोधू नका, सुरांमधल्या मोकळ्या जागेत शोधा. आमचा ट्रॅक त्याच वळणाचा: ई मधला शफल (लांब-आखूड असा झुलता ठेका), १२० बीपीएम, म्हणजे मिनिटाला १२० बीट.

सगळ्यात जास्त वेळ स्लॅपबॅकला, म्हणजे झटकन एकदाच येणाऱ्या इकोला, लागला. जुन्या पद्धतीत तो दुसऱ्या टेप मशीनवरून यायचा. टेप सेकंदाला १५ इंच धावते आणि दोन हेडमधलं अंतर २ इंच असेल, तर आवाज १३३ मिलिसेकंद उशिरा येतो. डिले इफेक्टमध्ये तोच आकडा, फीडबॅक शून्य, मिक्स २० टक्के, ४ किलोहर्ट्झच्या वरचं कापलेलं. डिले टेम्पोला सिंक करायचा मोह टाळा. १२० ला ट्रिपलेट (बीटचा तिसरा हिस्सा) १६७ मिलिसेकंदांचं येतं. शफलमध्ये मधलं ट्रिपलेट रिकामं असतं. इको नेमका तिथेच पडला की ठेका सपाट होतो.

ट्रेमोलो (आवाज लयीत कमी-जास्त करणारा इफेक्ट) ६ हर्ट्झवर, म्हणजे बीटला तीन झोके. इथे क्रम महत्त्वाचा: आधी स्लॅपबॅक, मग ट्रेमोलो. उलट लावलं तर आवाज खाली जातो त्या फटी इको भरून काढतो आणि ट्रेमोलो लावलाय की नाही तेच कळत नाही. तारा ११ च्या (सगळ्यात पातळ तार ०.०११ इंच), नेकजवळचा पिकअप, पिकऐवजी बोटं. गेन इतकाच, की तार जोरात ओढली तरच आवाज फाटावा.

बँडचा गायक आणि हार्पवादक किम विल्सन याच्या जातीची हार्प हवी तर ई साठी ए ची हार्प घ्या; गाण्याच्या पट्टीपेक्षा वेगळ्या पट्टीची हार्प वाजवायच्या या पद्धतीला क्रॉस पोझिशन म्हणतात. हार्पसाठी मुठीत धरायचा बुलेट माइक हाय इम्पिडन्सचा असतो. तो ऑडिओ इंटरफेसच्या (कॉम्प्युटरला जोडायच्या रेकॉर्डिंग बॉक्सच्या) माइक इनपुटला लावला की आवाज पातळ आणि बारीक येतो. छोटा व्हॉल्व्ह अँपच बरा. तो शिट्टी मारत असेल तर त्यातला पहिला १२एएक्स७ व्हॉल्व्ह काढून १२एवाय७ बसवा. पिना त्याच, गेन निम्म्याहून कमी, त्यामुळे माइक घट्ट मुठीत धरूनही व्हॉल्यूम वाढवता येतो. ट्रेबल जवळजवळ बंद. व्हॉल्व्हचा हा एक बदल बाकी सगळ्या पेडलांपेक्षा जास्त कामी आला.

आता ड्रम. किक आणि बेस कोरडेच राहतील. स्नेअरला इको द्यायचा झालाच तर १० टक्क्यांच्या आत, नाहीतर प्रत्येक बॅकबीट (दुसऱ्या आणि चौथ्या बीटवरचा स्नेअरचा ठोका) दोनदा वाजल्यासारखा ऐकू येतो.