येळवस आणि शाळेतली चौकडी

वेळ अमावास्या लातूर, धाराशिव आणि सोलापूरच्या सीमेवरच्या काही भागांत मानाची. आमच्याकडं तिला सगळे येळवस म्हणतात. मार्गशीर्ष अमावास्येला गावंच्या गावं रानात जातात, लातूर शहरातली दुकानं बंद असतात. दिवाळीला न येणारी माणसंही या दिवशी येतात, म्हणून जुने दोस्त गाठायचे तर हाच मुहूर्त. यंदा मी पुण्याहून दोन दिवस आधीच निघालो.

लातूरला रेल्वेतून उतरून एसटीनं औशाच्या पुढं. फाट्यावर दोस्त मोटारसायकल घेऊन उभा. "कवा निघालास रं? च्या पिऊन जाऊ," एवढंच बोलला आणि मधली सगळी वर्षं संपली. आमच्या वर्गातला गावात राहून शेती करणारा हा एकटाच. बाकी एक मास्तर झाला, एक हैदराबादला नोकरीत, आणि मी.

त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रपाळीची होती. जेवण उरकून आम्ही हरभऱ्याला पाणी द्यायला गेलो. तुषार सिंचनाचे पाइप काढून पुढच्या ओळीत जोडायचे, मोटार चालू करायची, कोणतं नोझल तुंबलं ते बॅटरीच्या उजेडात बघायचं. पाय चिखलात, अंगावर डिसेंबरचं गार पाणी. मधल्या वेळेत रानडुकरांवर नजर. पहाटे परत येऊन तासभर पडतो न पडतो तोच तो धारा काढायला उठला. डेअरीची गाडी कुणासाठी थांबत नाही. हे त्याचं रोजचं आहे आणि याचा हिशोब कुठल्याच पावतीत येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

येळवसीच्या आदल्या रात्री घरात कुणी झोपत नाही. ओसरीवर तुरीच्या, वाटाण्याच्या, वालाच्या हिरव्या शेंगांचा ढीग आणि भोवती सगळ्या बायका सोलायला बसलेल्या. वहिनींनी चिंचेच्या पाण्यात डाळीचं पीठ कालवून मोठ्या पातेल्यात चढवलं. त्यात हे सोले, हरभऱ्याची भाजी, मेथी, कांद्याची पात, ठेचलेली मिरची आणि भरपूर लसूण. पळी फिरवता फिरवता पिठल्याहून दाट, आंबट, हिरवट अशी भज्जी तयार झाली. सोबत बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर आणि ताक घालून आंबवलेली ज्वारीची आंबील. भज्जी-उंडा हॉटेलात मागवून खाण्याची गोष्ट नव्हे. बांधावर बसून, शेजारच्या रानातल्या माणसाला हाक मारून ती खायची.

सकाळी आंबिलीचं बिंदगं डोक्यावर घेऊन दोस्ताच्या घरचे आबा पुढं, आम्ही मागं. कडब्याच्या, म्हणजे ज्वारीच्या वाळल्या ताटांच्या, पेंढ्यांची कोप म्हणजे खोपट उभारलं, आत पाच पांडवांचे दगड चुना-काव लावून मांडले. पूजा झाली आणि आबा पिकावर आंबील शिंपडत निघाले.

कोपीला लागणारा कडबाच आता दुर्मिळ झाला आहे. रब्बी ज्वारीसाठी रान पावसाळ्यात मोकळं ठेवावं लागतं. सोयाबीन आल्यापासून तसं कोण ठेवणार? खरिपात सोयाबीन, त्यावर हरभरा, दोन्हीचे पैसे हातात पडतात. शेजाऱ्यानं कोप साडीची केली होती. दोस्तानं मात्र एक एकर ज्वारी हट्टानं ठेवलीय, बैलांसाठी आणि घरच्या भाकरीसाठी. परवडत नाही, असं तो स्वतःच सांगतो. माझ्या मते त्या एकरानं त्याची दावण टिकवली आहे, आणि दावण गेली की शेणखतही गेलं.

दुपारपर्यंत मास्तर आणि हैदराबादवाला येऊन पोचले. मास्तरचं जुनं घर किल्लारीजवळच्या गावात होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात ते पडलं तेव्हा आम्ही आठवीत होतो. त्यानंतर कितीतरी दिवस तो वर्गात माझ्याशेजारी काही न बोलता बसायचा. आज कोपीजवळ बसून तो त्या पहाटेबद्दल पहिल्यांदाच बोलला. आईनं कसं ओढून बाहेर काढलं, आणि त्या वर्षीही आजोबांनी रानात कोप उभी केली होती, हे त्यानं सांगितलं. कुणी मधे बोललं नाही. मग आबांनीच त्याच्या पानात आणखी एक उंडा वाढला, "खा लेकरा" म्हणाले.

संध्याकाळी दूध उतू घातलं. ते उगवतीकडं सांडलं, म्हणजे पाऊस चांगला, म्हणून आबा खुश. त्यावरून हैदराबादवाल्याची आणि त्यांची पावसावर चांगलीच जुंपली.

ज्वारीची काढणी फेब्रुवारीत येते. हातानं उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची. मजूर या कामाला यायला मागत नाहीत, म्हणून यंदा ते एकरही मोडावं असं दोस्ताच्या मनात होतं. "आम्ही येतो की," मास्तर म्हणाला. तारीख आबांनी ठरवायची आहे. मी रजा सांगून ठेवलीय.