डोळे बारीक करा

"डोळे बारीक करा, मग बघा." स्टिल लाइफच्या, म्हणजे वस्तू मांडून चित्र काढायच्या वर्गात हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की मुलं माझी नक्कल करताना तेच वापरतात. परवा दुपारी टेबलावर नक्षीची सुरई, दोन लिंबं आणि एक चुरगळलेलं पांढरं फडकं मांडलं होतं. सगळा वर्ग डोळे किलकिले करून बसलेला. भर उन्हात ग्रुप फोटोला उभं केल्यासारखा.

एक मुलगी तेवढी टक्क बघत होती. चष्मा काढून मांडीवर ठेवलेला. मी जवळ गेलो तर म्हणाली, "सर, मला असं आपोआपच दिसतं."

काय बोलणार! बारकावे गळून पडावेत, उजेड-अंधाराचे मोठे ठोकळे तेवढे उरावेत, एवढ्यासाठी तर हा खटाटोप. बाकीचे सुरईवरची नक्षी गिरवत होते. हिची सुरई नुसती एक गडद जागा होती. आणि फडक्याची सावली, जी सगळे मुकाट्यानं करडी रंगवतात, ती हिच्या कागदावर लिंबाशेजारी चक्क पिवळट झाली होती.

लहानपणी दुपारी झोपेचं सोंग घेऊन मी पापण्यांच्या फटीतून आईकडे बघायचो. ती दारात निवडत बसलेली. नाक नाही, डोळे नाहीत, साडीचा रंगसुद्धा नाही. उजेडात कापून बसवलेला काळा आकार. तो हलला की मी डोळे गच्च मिटायचो. टोन म्हणजे काय, रंगाचा उजळ-गडदपणा म्हणजे काय, ते मला तिथंच कळलं असणार. पुढे कॉलेजात फी भरून पुन्हा शिकलो.

फ्रेंच चित्रकार मोनेचा मोतीबिंदू १९२३ साली काढला. त्याआधीच्या काही चित्रांत तांबडा-तपकिरी रंग असा काही उसळलाय की... पण हे वर्गात सांगायची सोय नाही. उद्या सगळे चष्मे काढून बसतील.

संध्याकाळी स्टुडिओत माझं अडलेलं चित्र होतं. डोळे बारीक केले, पण काय कुठे आहे ते पाठच, दिसणार काय? चष्मा काढला, तरी चार पावलांवरून सगळं स्वच्छ. माझा चष्मा जवळचा, वयाचा. मग तो परत लावला आणि मागे सरकलो. आता कुठे सगळं पुसट झालं.

डावा कोपरा तेवढा पुसट होईना. आठवडाभर तिथंच काम करत होतो. पॅलेट नाइफनं खरवडून टाकला.