आमची वाटचाल: विदर्भाच्या उन्हात काँक्रीटची दुरुस्ती

आमची फर्म नागपूरची. गच्च्यांच्या वॉटरप्रूफिंगपासून सुरुवात केली. पुढे सुटलेले चज्जे, गंजलेल्या सळया, गळक्या टाक्या अशी कामं येत गेली. उन्हाळ्यात केलेली दुरुस्ती पावसाळ्यात सुटते, ही तक्रार सगळीकडे ऐकू यायची. लोक मालाला दोष द्यायचे. माल बहुतेक वेळा चांगलाच असायचा.

आपल्याकडे सिमेंटच्या चाचण्या २७ अंशांच्या आसपास होतात. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, हवा कोरडी ठाक, वर गरम वारा, आणि गच्चीचा स्लॅब तर हवेपेक्षाही तापलेला. आयएस ७८६१ या मानकानुसार ४० अंशांवरचं काम म्हणजे उष्ण हवामानातलं काँक्रीटिंग. आमचा मे जवळजवळ सगळा त्यातच जातो.

खरा घात बाँड कोटमध्ये, म्हणजे जुन्या काँक्रीटला नवा मॉर्टर (सिमेंट-वाळूचा मसाला) चिकटावा म्हणून मारलेल्या थरात होतो. एसबीआर या रबरी लॅटेक्सचा हात मारला की तो चिकट असेपर्यंतच मॉर्टर बसला पाहिजे. मिस्त्री घमेलं घेऊन येईस्तोवर तो वाळला, तर लॅटेक्सची पातळ कातडी धरते आणि चिकटवणारा थरच दोघांना वेगळं ठेवतो. वरून काम देखणं दिसतं. हातोडी मारली की पोकळ आवाज. त्यात जुनं, तहानलेलं काँक्रीट खालून पाणी ओढतं, वारा वरून. ओल्या मॉर्टरलाच भेगा जातात.

म्हणून आम्ही कामाच्या वेळा बदलल्या. तोडफोड दिवसा, म्हणजे शेजाऱ्यांची झोप मोडत नाही. संध्याकाळी पृष्ठभाग भिजवून ठेवायचा, पहाटे साचलेलं पाणी पुसून काढायचं आणि ऊन चढायच्या आत भरणं संपवायचं. बाँड कोट हाताशी मॉर्टर तयार असेल तेवढ्याच जागेवर. पिशव्या सावलीत, पाणी बर्फाचं. घट्ट झालेल्या मालात वरून पाणी टाकणं आमच्याकडे पूर्ण बंद. हिरवी जाळी, ओलं गोणपाट लगेच. इपॉक्सी (दोन घटक मिसळल्यावर घट्ट होणारं चिकट रसायन) कालवली की पसरट ट्रेमध्ये ओततो. डब्यात ती स्वतःच्याच उष्णतेने झपाट्याने घट्ट होते.

पहाटेच्या पाळीची मजुरी जास्त, त्यामुळे आमचा दरही जास्त. त्यापायी काही कामं हातची गेली, पण ही पाळी आम्ही सोडली नाही.

आता कोटेशनमध्ये आम्ही महिनाही लिहितो. काम थांबण्यासारखं असेल तर नोव्हेंबर सुचवतो. चज्जा डोक्यावर लोंबत असेल, तर त्याच दिवशी टेकू लावून सुटलेला भाग उतरवतो आणि भरायला पहाटे जातो.