इनिट्रॅमएफएसशिवाय व्हीएम: कर्नलमध्ये नेमक्या कोणत्या फाइलसिस्टीम ठेवल्या

टेस्टिंगसाठी माझ्याकडे व्हीएम (आभासी मशीन) दिवसभर चालू-बंद होत असतात. लिनक्स डिस्ट्रोबरोबर येणारा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, कुठल्याही मशीनवर चालावा म्हणून बांधलेला असतो. ढीगभर ड्रायव्हर मॉड्यूलच्या (लागेल तेव्हा जोडायच्या तुकड्यांच्या) रूपात, आणि त्यातले हवे ते बूटच्या वेळी हाताशी देणारं इनिट्रॅमएफएस (मेमरीतली छोटी तात्पुरती फाइलसिस्टीम). क्यूईएमयू या प्रोग्रामवर चालणाऱ्या व्हीएमला यातलं फारसं काही लागत नाही. म्हणून लिनक्स कर्नल स्वतःच बांधायचं ठरवलं, तोही इनिट्रॅमएफएसशिवाय. मग रूट (मुख्य फाइलसिस्टीम) माउंट होईपर्यंत, म्हणजे जोडली जाईपर्यंत, जे जे लागतं ते ‘एम’ (मॉड्यूल) नाही, ‘वाय’च (कर्नलमध्येच बांधलेलं) हवं. मॉड्यूल डिस्कवर आणि डिस्क वाचायला तेच मॉड्यूल, असं झालं की गाडी जागची हलत नाही.

सुरुवात ‘मेक टायनीकॉन्फिग’ने, म्हणजे जवळपास सगळं बंद असलेल्या कॉन्फिगने केली. त्यात प्रिंटके (कर्नलचे संदेश छापणारा भाग) सुद्धा बंद असतं, म्हणजे कर्नल कोसळला तरी पडद्यावर चकार शब्द नाही. ६४-बिट, प्रिंटके आणि सीरियल कन्सोल आधी चालू केले. मग ‘मेक केव्हीएम_गेस्ट.कॉन्फिग’. हा तुकडा कर्नलच्या सोर्समध्येच असतो. पीसीआय, व्हर्टआयओ (व्हीएमसाठीची आभासी उपकरणं) ब्लॉक म्हणजे डिस्क, नेटवर्क आणि ९पी (होस्टचं, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या मशीनचं, फोल्डर आत दाखवणारी फाइलसिस्टीम) हे सगळं तो एका फटक्यात लावून देतो. माझ्या रूट डिस्कवरची फाइलसिस्टीम, ईएक्सटी४, मात्र त्यात नाही. पॅनिक (कर्नल हात टेकून थांबतो तो) कसा दिसतो ते बघायचं होतं, म्हणून तसंच बूट केलं.

दिसला. ‘अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक’, आणि कंसात २५४,०. सगळी मेख या कंसात आहे. तिथे ०,० असेल तर कर्नलला डिस्कच सापडलेली नाही: व्हर्टआयओ ब्लॉक किंवा पीसीआय राहिलंय, नाहीतर ‘रूट=’ पुढचं नाव चुकलंय. खरा आकडा असेल तर डिस्क दिसतेय, तिच्यावरची फाइलसिस्टीम कळत नाहीये. (तो २५४च असेल असं नाही, हा मेजर नंबर, म्हणजे ड्रायव्हरचा क्रमांक, बूट होताना ठरतो.) वरच्या ओळींत पार्टिशनची यादीही छापून येते; माझ्या यादीत ‘व्हीडीए’ ड्रायव्हरच्या नावासकट हजर होता. ईएक्सटी४ला वाय दिलं, रूट माउंट झाला. ईएक्सटी३ची डिस्कही हाच ड्रायव्हर वाचतो. जुना वेगळा ड्रायव्हर २०१५ साली ४.३ मध्ये काढून टाकला.

पुढचा अडथळा किरकोळ: स्लॅश-डेव्ह (उपकरणांच्या फाइलींचं फोल्डर) रिकामं, त्यामुळे इनिटला (पहिल्या प्रोग्रामला) कन्सोल मिळेना. ते भरणारं डेव्हटीएमपीएफएस आणि ते आपोआप माउंट करणारा त्याच्याखालचा पर्याय, दोन्ही लागतात. प्रॉकएफएस, सिसएफएस, टीएमपीएफएस हे तर आलेच.

वेळ गेला तो होस्टचं फोल्डर आत आणण्यात. ९पी तयारच होतं, ट्रान्स=व्हर्टआयओ देऊन लगेच माउंट झालं, पण हजारो छोट्या फाइलींचा सोर्स ट्री त्यावरून बिल्ड करणं म्हणजे शिक्षाच. याच कामाचा दुसरा मार्ग म्हणजे व्हर्टआयओएफएस; ते २०१९ पासून, म्हणजे ५.४ पासून कर्नलमध्ये आहे. मेनूकॉन्फिगमध्ये (पर्याय निवडायच्या मेनूत) फ्यूज (कर्नलबाहेरच्या प्रोग्रामला फाइलसिस्टीम चालवू देणारी सोय) चालू केल्याशिवाय तो पर्याय दिसतच नाही. तिथे स्लॅश दाबून नाव शोधलं की कशावाचून अडलंय ते कळतं. होस्टवर व्हर्टआयओएफएसडी हा डीमन (मागे चालत राहणारा प्रोग्राम) चालवावं लागतं आणि क्यूईएमयूची मेमरी ‘शेअर=ऑन’ ठेवावी लागते.

एक खोडी सांगून ठेवतो. डॉट-कॉन्फिगमध्ये (निवडलेल्या पर्यायांच्या फाइलीत) हाताने ओळ घातली आणि तिची डिपेंडन्सी नसली, तर ‘ओल्डडेफकॉन्फिग’ (ही फाइल जुळवून घेणारी आज्ञा) ती मुकाट्याने काढून टाकतं. त्यामुळे बिल्डच्या आधी ग्रेपने ती ओळ शोधणं, आणि बूट झाल्यावर प्रॉकमधली ‘फाइलसिस्टम्स’ फाइल बघणं आलंच. एनएफएस, व्हीफॅट, आयएसओ९६६० बंदच ठेवलेत. ९पी मात्र काढलं नाही. एखादा लॉग बाहेर काढायला होस्टवर वेगळा डीमन कोण चालवत बसणार?