ऑडिओग्राम निर्दोष, तरीही ऐकण्याची अडचण

‘आवाज येतो, पण चारचौघांत शब्द कळत नाहीत’ अशी तक्रार करणाऱ्याचा ऑडिओग्राम (शांत खोलीत किती मंद स्वर ऐकू येतात हे दाखवणारा श्रवणचाचणीचा आलेख) अनेकदा निर्दोष निघतो आणि मग वयाला किंवा लक्ष नसण्याला दोष देऊन विषय मिटवला जातो. आमच्या घरातल्या एका ज्येष्ठांच्या बाबतीत तेच झाल्याने मी याविषयी वाचू लागलो.

आंतरकर्णातील शंखाकृती कॉक्लियामध्ये सुमारे ३,५०० आतील आणि १२,००० बाहेरील केशपेशी असतात. बाहेरच्या पेशी ध्वनिकंपन वाढवतात. मेंदूकडे संदेश जातो तो मुख्यतः आतल्या पेशींकडून, त्यांना जोडलेल्या चेतातंतूंमार्फत. श्रवणऱ्हास म्हणजे केशपेशींचा नाश, ही समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. २००९ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स आय अँड इअर या संस्थेतील शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. काही दिवसांत त्यांची श्रवणक्षमता चाचणीपुरती पूर्ववत झाली आणि केशपेशीही शाबूत होत्या; मात्र कॉक्लियाच्या उच्च स्वर टिपणाऱ्या भागात, या पेशी आणि चेतातंतू यांच्यातले जवळपास निम्मे सांधे कायमचे तुटले होते. मिरवणुकीनंतर कानांना दडे बसतात, दुसऱ्या दिवशी कान मोकळे होतात आणि आपण निश्चिंत होतो; ती निश्चिंती या प्रयोगाने डळमळीत केली.

शांत खोलीतला अतिमंद स्वर ओळखायला थोडे तंतूही पुरतात, म्हणून ऑडिओग्रामला ही हानी दिसत नाही. गोंगाटातून बोलणे वेगळे काढायला मात्र, मोठ्या आवाजातच सक्रिय होणारे तंतू महत्त्वाचे असावेत, आणि गिनीपिगांवरील प्रयोगांत नेमके तेच आधी निकामी झालेले आढळले.

माणसांबाबत मला सावध राहावेसे वाटते. मृत्यूनंतर दान केलेल्या कर्णास्थींत, वयानुसार केशपेशींच्या आधी चेतातंतूंचे जोड कमी होत जातात असे दिसले आहे. जिवंत माणसात मात्र हे सांधे मोजता येत नाहीत, आणि गोंगाटात वावरणाऱ्या तरुणांवरील अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. न्यूरोट्रोफिन-३ या प्रथिनाच्या साहाय्याने उंदरांत असे सांधे पुन्हा जोडता आले आहेत. माणसासाठी तसा प्रस्थापित उपचार अद्याप नाही. तोवर ऑडिओग्रामसोबत गोंगाटातील शब्दओळखीची चाचणीही सरसकट घेतली जावी, असे माझे मत आहे. ती आज उपलब्ध आहे, पण बहुधा मागितल्याशिवाय होत नाही.