वीस हजारी पॉवर बँकेची झडती : माझा अनुभव

लाईनचा भरवसा नाही आणि जागलीला वावरात फोन लागतोच, म्हणून आमच्या भागात पॉवर बँक घरोघरी आहे. आठवडी बाजारातल्या खोक्यांवर हमखास २०,००० एमएएच छापलेलं असतं. त्यात खरं किती, हे बघायला मी यूएसबी मीटर (बँक आणि केबलच्या मध्ये लावायचं, व्होल्ट, अँपिअर, वॅट-तास दाखवणारं छोटं यंत्र), ५ ओहम १० वॅटचा सिमेंट रेझिस्टर आणि किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा एवढंच वापरतो.

अर्धा निकाल काट्यावरच लागतो. १८६५० हा गोल सेल ४५ ते ४८ ग्रॅमचा असतो आणि उत्तम दर्जाचाही ३,५०० एमएएचच्या आसपासच देतो. म्हणजे वीस हजारांना सहा सेल हवेत, नुसत्या सेलचंच वजन पावणेतीनशे ग्रॅमच्या घरात. अख्खी बँक दीडशे ग्रॅम भरली, तर पुढे काही मोजायची गरज नाही. वजन भरलं तरी निर्धास्त होऊ नये, आत वाळूही निघते. खोक्यावरचा आर-नंबर (बीआयएस या सरकारी मानक संस्थेचा नोंदणी क्रमांक) बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून बघावा.

आता खरी मोजणी. जुन्या केबलचा ए-पिनकडचा (बँकेत जाणाऱ्या चपट्या पिनकडचा) वीतभर तुकडा कापून त्याच्या लाल-काळ्या तारांना रेझिस्टर सोल्डर करायचा. लांब तुकडा ठेवला तर तारच व्होल्टेज खाते. बँक पूर्ण चार्ज करून मीटर शून्यावर आणायचा आणि मीटरमागे रेझिस्टर जोडायचा. ५ व्होल्टला तो १ अँपिअर ओढतो आणि चांगलाच तापतो, म्हणून फरशीच्या तुकड्यावर ठेवावा. रेझिस्टरऐवजी फोन लावून ही चाचणी होत नाही, कारण भरत आला की तो करंट कमी करतो.

दहा हजारी चांगली बँक सहा तासांच्या वर चालते. ती बंद पडली की एमएएच बघू नका, वॅट-तास बघा. छापील आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, मीटर मात्र ५ व्होल्टला मोजतो. १०,००० एमएएच म्हणजे १० अँपिअर-तास, गुणिले ३.७ व्होल्ट, म्हणजे ३७ वॅट-तास. ५ व्होल्ट करताना सर्किट थोडे खातं, त्यामुळे ३० ते ३३ मिळाले तर माल चोख. विशीच्या खाली गेला तर परत करावा. वीस हजारीला हे आकडे दुप्पट धरा.

मे महिन्यात बँकेचं चार्जिंग पहाटे उरकावं. लिथियम सेल ४५ अंशांवर चार्ज करू नये, आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी तेवढं सहज होतं.

बँक चांगली असूनही फोन हळू भरतो? केबल मोजा. मीटर आधी बँकेकडच्या टोकाला लावा, मग फोनकडच्या; व्होल्टेजमधला फरक केबल खाते. गेज म्हणजे तारेच्या जाडीचा आकडा, मोठा तितकी तार बारीक. २८ गेज तारांची मीटरभर केबल २ अँपिअरला सुमारे ०.८५ व्होल्ट गिळते, २४ गेजची ०.३४. गेज बऱ्याचदा केबलवरच बारीक अक्षरांत छापलेलं असतं.

कापूस वेचणीच्या दिवसांत मात्र केबलला दोष देण्याआधी फोनचं पोर्ट बघा. रुईचे तंतू आत दाबून बसतात, पिन पुरती जात नाही आणि चार्जिंग येतं-जातं. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच काढा. सुई घातली तर आतले पॉइंट शॉर्ट होतात.