मॉस्कोत हसरा चेहरा घरी ठेवून जा

‘रशियन लोक तुसडे दिसतात, तुम्ही हसून बोला, मग विरघळतात’ हा निघताना हमखास मिळणारा सल्ला साफ चुकीचा आहे. अनोळखी माणसाकडे बघून हसलं की तिथे समोरचा विरघळत नाही, बुचकळ्यात पडतो: ‘ह्याची-माझी ओळख आहे का? की माझ्या तोंडाला काही लागलंय?’ विनाकारण हसणं हे मूर्खपणाचं लक्षण, अशी तिकडे म्हणच आहे. गिऱ्हाइकापुरत्या हसण्याला ‘दिझूर्नाया उलीब्का’ म्हणतात, म्हणजे ड्यूटीवरचं हसू, आणि ते कौतुकाने नव्हे. ३१ जानेवारी १९९० ला पुश्किन चौकात मॅकडोनाल्ड्स उघडलं तेव्हा नोकरांना हसायचं शिकवावं लागलं होतं.

पासपोर्टच्या खिडकीत चष्मा-टोपी काढा, ‘झ्द्रास्त्वुइत्ये’ (नमस्कार) म्हणा आणि गप्प उभे राहा. अधिकारी फोटो आणि चेहरा ताडून बघत असतो. फोटोत हसत नाही ना, मग इथेही नको. तिथे मिळणाऱ्या मायग्रेशन कार्डावरचं, म्हणजे देशात शिरल्याच्या नोंदीच्या कागदावरचं, स्पेलिंग तिथेच तपासा, तो कागद परतीपर्यंत लागतो. दुकानात पैसे हातात न देता गल्ल्यापुढच्या ताटलीत ठेवा. रोखच न्या, भारतातलं व्हिसा-मास्टरकार्ड मार्च २०२२ पासून चालत नाही.

खरा फटका लाल चौकाच्या तोंडाशी. जमिनीतल्या शून्य किलोमीटरच्या, म्हणजे रस्त्यांच्या आरंभखुणेच्या, चकतीजवळ लेनिन, स्टालिन, झार असे बहुरूपी फिरतात आणि तेवढेच काय ते तुमच्याकडे बघून हसतात! आपण सवयीने उलटं हसतो, तोच होकार धरला जातो. खांद्यावर हात पडतो, फोटो निघतो, मग पैसे. दोघे फोटोत शिरले तर दोघांचे वेगळे. हौसच असेल तर आधी ‘स्कोल्का?’ (किती?) विचारा, आकडा मोबाइलवर टाइप करून घ्या, तो माणशी की एकूण हेही ठरवा. नको असेल तर नजर न भिडवता, न थांबता ‘न्येत’ (नाही) म्हणा. हसत ‘नो नो’ म्हटलं तर सुटका नाही. कबुतर हातावर ठेवणाऱ्यांचंही हेच. हात खिशात ठेवा.

क्रेमलिन, मेट्रो वगैरे छानच आहे, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

रात्रीच्या गाडीत मात्र डब्याच्या प्रवद्नीत्साचा, म्हणजे परिचारिकेचा, कोरा चेहरा मनावर घेऊ नका. चहा मागा, धातूच्या नक्षीदार पदस्ताकान्निकमध्ये बसवलेला काचेचा ग्लास येतो. उकळतं पाणी डब्याच्या टोकाला फुकट मिळतं. ग्लास उतरण्यापूर्वी परत करा. हसणार नाहीत बाई, पण तुमचं स्टेशन यायच्या आधी उठवायला येतील.